शिफारसपत्र शिक्षकांनीच लिहावे

अमेरिकेतील विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या एम.एस.साठी फॉल सत्राचे (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचे) अर्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या मध्यास बंद होतात. साहजिकच दिवाळीची सुट्टी संपली, की सोलापुरातील आमच्या स्टाफरूमच्या दाराशी अंतिम वर्षाचे विद्यार्थी दिसू लागतात. हातात छापील कागद असतो आणि विनंती ठरलेली असते : "मॅडम, एलओआर तयार करून आणलाय, फक्त एकदा नजरेखालून घाला." एलओआर म्हणजे शिक्षकाने लिहायचे शिफारसपत्र, पण ते विद्यार्थ्यानेच लिहिलेले असते.

ही प्रथा का पडली, हे मी जाणून आहे. एका विद्यार्थ्याने आठ विद्यापीठे निवडली, की शिक्षकाच्या ईमेलवर आठ वेगवेगळ्या लिंक येतात, प्रत्येकीचा फॉर्म निराळा असतो आणि त्याच काळात सत्रपरीक्षांचे पेपर तपासायचे असतात. शिवाय इंग्रजीत सलग दोन पाने लिहिण्याचा सराव आपल्यापैकी अनेकांना नाही, हेही खरे आहे. तरीही ही प्रथा बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण प्रामाणिकपणाचे आहे. 'फर्पा' या १९७४ च्या अमेरिकन कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा अधिकार दिला आहे. म्हणूनच शिफारसपत्र पाहण्याचा हा अधिकार तुम्ही सोडता का, असा प्रश्न अर्जातच असतो. गोपनीय पत्रावर अधिक विश्वास ठेवला जात असल्यामुळे बहुतेक विद्यार्थी 'सोडतो' यावर खूण करतात. जे पत्र आपणच टाइप केले, ते आपण कधी पाहणार नाही असे लिहून देणे ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती उघड झाल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. आपल्याकडची अनेक कुटुंबे राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढतात. त्यांच्या मुलांनी एवढा धोका मुळीच पत्करू नये.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्याने लिहिलेल्या पत्रात मेहनती, शिस्तप्रिय, टीम प्लेयर हीच विशेषणे असतात, कारण शिक्षकाला आपल्यात काय दिसले हे त्याला ठाऊक नसते. फॉर्ममध्ये मात्र नेमके तेच विचारलेले असते : या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आजवर शिकवलेल्यांत तो वरच्या पाच टक्क्यांत बसतो, दहा की पंचवीस?

माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देते. तिच्या गटाने टेरी टॉवेलमधील विणीचे दोष कॅमेऱ्याने ओळखणारा प्रकल्प घेतला होता आणि छायाचित्रे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून आणली होती. प्रयोगशाळेत मॉडेल उत्तम चालले, कारखान्यात मात्र ते चांगल्या टॉवेललाही सदोष ठरवू लागले. गटातील इतर जण आणखी छायाचित्रे गोळा करू म्हणत असताना ही मुलगी चुकलेली छायाचित्रे एकेक करून पाहत बसली. तिच्या लक्षात आले, की दिवा एका बाजूला असल्याने टॉवेलच्या उभ्या लूपची सावली पडते आणि मॉडेल त्या सावलीलाच तुटलेला धागा समजते. तिने दिव्यांची जागा बदलायला लावली आणि मगच कोडला हात घातला. तिने स्वतः आणलेल्या मसुद्यात यातले एक अक्षरही नव्हते, 'पायथनचे उत्तम ज्ञान' एवढेच होते. मी लिहिलेल्या पत्राचा मोठा भाग त्या सावलीबद्दल होता.

आता जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण अनेक विभागांनी ऐच्छिक केले आहेत किंवा मागणेच थांबवले आहे. आपल्या विद्यापीठाचा दहापैकी सीजीपीए तिथल्या समितीला फारसा परिचित असेलच असे नाही. (तो अमेरिकेतल्या चारपैकीच्या मापात स्वतःच बदलू नये, विद्यापीठाने तसे सांगितले नसेल तर गुणपत्रिकेवर आहे तसाच भरावा.) अशा वेळी ते गुण कशा कामातून आले, हे सांगणारा माणूस शिक्षकच असतो. बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्यांच्या बाबतीत तर याचे मोल फारच वाढते. एम.एस.चा खर्च बहुतेकांना स्वतः करावा लागतो, तर पीएच.डी.त सहसा फी माफ होऊन विद्यावेतन मिळते, आणि ती जागा देताना संशोधनाची कुवत पारखली जाते.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की इंग्रजी साधे असले तरी चालेल, पण प्रसंग आपल्या आठवणीतला असावा. लिहिणे जड जात असेल, तर मराठीत बोलून ते रेकॉर्ड करावे आणि विभागातील एखाद्या सहकाऱ्याच्या मदतीने इंग्रजीत आणावे. पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पाठवावे, कारण जीमेलवरून आलेल्या पत्राबद्दल शंका घेतली जाऊ शकते.

विद्यार्थ्यांनी सप्टेंबर संपण्यापूर्वी माझ्याकडे गुणपत्रिका, एसओपीचा (आपल्याला काय आणि का शिकायचे आहे, हे सांगणाऱ्या निवेदनाचा) कच्चा मसुदा, विद्यापीठांची नावे आणि त्यांच्या अंतिम तारखा आणून द्याव्यात. सोबत एका पानावर मराठीत किंवा इंग्रजीत लिहावे, की प्रकल्पात आपण नेमके काय केले, कुठे अडलो आणि त्यातून कसे निघालो. विशेषणे नकोत. ज्या शिक्षकांनी केवळ वर्गात शिकवले आणि ज्यांना आपले नावही आठवत नाही, त्यांच्याकडे पदाच्या मोठेपणासाठी जाऊ नये. प्रयोगशाळेत सोबत बसलेल्या तरुण सहायक प्राध्यापकाचे पत्र विभागप्रमुखांच्या कोरड्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.