क्यू थ्रेड-सेफ आहे, मग मशीन उड्या का मारतंय?

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात सी प्लस प्लसच्या इंटरव्ह्यूला गेलात की थ्रेड-सेफ क्यू (म्हणजे कामांची अशी रांग, जी प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग, म्हणजे थ्रेड, गोंधळ न होता वापरू शकतात) लिहून दाखवा हा प्रश्न बऱ्याचदा येतो, आणि पोरं लिहितात पण बरोबर, एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक), एक कंडिशन व्हेरिएबल (काम येईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवणारं), टाकताना लॉक, काढताना लॉक, झालं. माझं म्हणणं एवढंच की हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मारामारी रिक्वेस्ट क्यूमधून बाहेर काढल्यावर सुरू होते आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

आमचं काम म्हणजे पॅकिंग मशीनच्या बाजूला जो टचस्क्रीनवाला पॅनल असतो त्याचं सॉफ्टवेअर. रबाळे, तुर्भे, एमआयडीसीतल्या छोट्या छोट्या युनिट्समध्ये असतात बघा तसे. अ‍ॅपची स्टेट एकच, म्हणजे बंद, तयार, चालू, थांबलेलं नाहीतर फॉल्ट. पण ती बदलायला सांगणारे चार जण: ऑपरेटरचा टच, पीएलसी (मशीन प्रत्यक्ष चालवणारा कंट्रोलर) वाचणारा थ्रेड, ऑफिसच्या सर्व्हरवरून येणारं शेड्यूल आणि एक टायमर. चौघांनी आपापल्या थ्रेडमधून सरळ स्टेटला हात घातला की काय होतं, तर स्क्रीनवर चालू दिसतं आणि वर दिवा लाल. म्हणून कोणीही स्टेट बदलायची नाही, फक्त रिक्वेस्ट टाकायची, आणि एकच थ्रेड ती उचलून बदल करणार. ह्यात नवीन काही नाही, जावाच्या स्विंगमध्ये (स्क्रीन बनवायची लायब्ररी) हेच आहे, अँड्रॉइडमध्ये पण हेच, तिथे दुसऱ्या थ्रेडमधून स्क्रीनवरच्या व्ह्यूला हात लावलात तर एक्सेप्शन येऊन अ‍ॅप आडवं होतं.

क्यूच्या आतलं पटकन सांगतो. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतली क्यू स्वतः थ्रेड-सेफ नाही. त्यात रिकामी आहे का विचारणं, पहिलं बघणं आणि ते काढणं हे तीन वेगळे कॉल आहेत, आणि प्रत्येकाला वेगवेगळं लॉक लावून काही उपयोग नाही कारण मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसतो. तिन्ही मिळून एकच फंक्शन, एकच लॉक. आणि कंडिशन व्हेरिएबलवर थांबताना अट लूपमध्ये तपासायची, नुसत्या इफने नाही, कारण कोणी नोटिफाय न करता पण थ्रेड जागा होऊ शकतो. २०११ च्या स्टँडर्डमध्ये ह्यासाठी अट सोबत घेणारा वेट दिलेला आहे, तोच वापरा, हातानं लूप लिहायची हौस नको.

आता मूळ मुद्दा. एका क्लायंटचा जुना कोड आमच्याकडे आला, त्यातली क्यू मी नीट वाचून काढली, एक चूक सापडली नाही. आणि तक्रार काय, तर मशीन आपोआप चालू-बंद होतं. फ्लोअरवर गेलो तर तिथले मामा म्हणाले, "साहेब, एकदा दाबलं तर काही होत नाही, म्हणून परत दाबतो, मग हे येड्यासारखं करतंय." तिथेच ट्यूब पेटली. बटण एकच होतं, चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर. पीएलसीचं उत्तर यायला कधीकधी दोन-तीन सेकंद लागायचे, तोपर्यंत काम करणारा थ्रेड तिथेच अडकून बसलेला, स्क्रीन ढिम्म, मामा वैतागून दाबतायत, आणि प्रत्येक दाबणं क्यूमध्ये अगदी नीट सांभाळून ठेवलं जातंय. मग उत्तर आलं की चालू, बंद, चालू, बंद. क्यू एकदम थ्रेड-सेफ होती, एकही रिक्वेस्ट हरवली नाही, आणि हाच तर प्रॉब्लेम होता!

रिक्वेस्ट टाकली तेव्हाची परिस्थिती आणि उचलली तेव्हाची परिस्थिती एक नसते. ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली रिक्षाच्या लायनीत उभं राहिलात तर आधी आलात ह्याचा मान फक्त नंबरापुरता, रिक्षावाला घोडबंदरला येतोय का नाही हे नंबर आल्यावरच कळतं. तसंच इथे, क्यूनं फक्त क्रम सांभाळायचा, हो की नाही ते बाहेर काढताना ठरवायचं.

म्हणून पहिलं काम, उलटं कर असली रिक्वेस्ट बंद. काय व्हायचंय ते स्पष्ट सांगा, चालू हो किंवा थांब. दुसरं, स्टेट बदलली की तिचा एक नंबर वाढतो, आणि चालू करायच्या रिक्वेस्टसोबत ती टाकणाऱ्यानं कुठला नंबर बघितला होता तोही जातो. मामांनी ४१ बघून तीनदा दाबलं तर पहिली पास, नंबर झाला ४२, उरलेल्या दोन ४१ घेऊन आल्या म्हणून परत पाठवल्या. तिसरं, काम करणाऱ्या थ्रेडनं कोणाची वाट बघायचीच नाही, पीएलसीला सांगायचं, स्टेट 'चालू होतंय' करायची आणि पुढची रिक्वेस्ट घ्यायची, पीएलसीचं उत्तर स्वतः क्यूमधून येईल. ह्याने स्क्रीनवर लगेच काहीतरी दिसतं, त्यामुळे निम्मी दाबादाबी तशीच कमी होते, खरं तर सगळ्यात जास्त फरक मला ह्यानेच पडलेला वाटतो.

थांबवायच्या रिक्वेस्टला मात्र नंबरबिंबर काही लागत नाही. ती कधीही चालते, आणि आली की क्यूमध्ये तिच्या पुढे उभ्या असलेल्या चालू करायच्या सगळ्या रिक्वेस्ट काढून टाकायच्या. स्टँडर्ड क्यूमधून मधलं काढता येत नाही, म्हणून आत डेक (deque, मधूनही काढता येणारी रांग) ठेवला. आणि फॉल्ट आला ही तर रिक्वेस्टच नाही, ती बातमी आहे, घडून गेलेली गोष्ट नाकारणार कशी? दोन्ही एकाच क्यूमधून जाऊ दे, पण टाइप वेगळे ठेवा, नाहीतर कोणीतरी हुशारी करून फॉल्टला पण नंबर तपासायला लावेल आणि मग बसा शोधत.

कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण ह्या क्यूमध्ये येतच नाही, यायलाच नको. त्याची वायरिंग वेगळी, ते सरळ सेफ्टी सर्किट तोडतं, आमच्या अ‍ॅपला फक्त नंतर कळतं की तोडलं.

अजून एक जागा जिथे लोक हमखास अडकतात ती म्हणजे लिसनर, बदलाची खबर घेणारं फंक्शन. स्टेट बदलली की स्क्रीनला, लॉगला, सर्व्हरला कळवायचं असतं, आणि हे कळवणं लॉक हातात ठेवून केलं की संपलं, कारण त्यातला एखादा लिसनर तिथूनच नवीन रिक्वेस्ट टाकतो, तेच लॉक परत मागतो, आणि साधा म्युटेक्स त्याच थ्रेडनं दुसऱ्यांदा घेतला तर स्टँडर्ड काही गॅरंटी देत नाही, बहुतेक वेळा अ‍ॅप तिथेच गोठतं. रिकर्सिव्ह म्युटेक्स (त्याच थ्रेडला परत घेता येणारा) लावून सुटतं असं वाटतं, पण मग एक बदल अर्धवट असताना आत दुसरा बदल सुरू होतो, ते त्याहून वाईट. लॉक घ्या, रिक्वेस्ट काढा, लॉक सोडा, मग काय ते काम करा. आतून आलेली रिक्वेस्ट गुपचूप लायनीत शेवटी जाऊन उभी राहील.

क्यूला मर्यादा घाला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, जावाच्या लिंक्ड ब्लॉकिंग क्यूला आकडा दिला नाही तर तिची मर्यादा २१४७४८३६४७ असते, म्हणजे मेमरी आधी संपेल. आमची ६४ ची आहे, आणि पॅनलवर ती भरली तर मला ते गर्दीचं नाही, काम करणारा थ्रेड मेल्याचं लक्षण वाटतं, म्हणून भरली की थेट फॉल्ट.

अ‍ॅप बंद करताना उरलेल्या रिक्वेस्टचं काय, ह्यावर आमच्यात अजून वाद आहे. टीममधल्या एका मुलीचं म्हणणं सगळ्या संपवूनच थ्रेड बंद करायचा, माझं म्हणणं बंद व्हायचं ठरल्यावर चालू करायची रिक्वेस्ट पाळण्यात काय अर्थ आहे, टाकून द्या आणि लॉगमध्ये लिहा. सध्या बातम्या संपवतो, रिक्वेस्ट टाकून देतो. ती म्हणते सर, हे तुमच्याच बाजूचं झालं.