नॉनफिक्शन लॉग, पावसाळा: मोजमापाचा धागा

या वेळचा लॉग लांबणार आहे मंडळी, कारण अख्खा पावसाळा एकच धागा चालू आहे आणि तो संपायचं नाव घेत नाहीये. विषय मोजमाप. ऐकायला रटाळ वाटतं, माहितीये, पण जमीन कशी मोजली, भर समुद्रात आपण नक्की कुठे आहोत हे कसं कळायचं, जगभरचा माल एका मापाच्या डब्यात कसा बसवला, असं करत करत इतिहास, घड्याळं, खगोलशास्त्र, बंदरं सगळीकडे फिरून झालं.

सुरुवात जॉन के यांच्या 'द ग्रेट आर्क'नं केली, ब्रिटिशांनी भारताची जमीन कशी मोजली त्याची गोष्ट. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मधे मद्रासजवळ साखळी टाकून साडेसात मैलांची पहिली बेसलाइन, म्हणजे पुढच्या सगळ्या मापांच्या पायाची रेघ, मोजली, आणि मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत त्याची माणसं उत्तरेकडे सरकत राहिली, ती पार हिमालयापर्यंत. कोन मोजायचा थिओडोलाइट होता अर्ध्या टनाचा! तो इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेला, आणि मग तिथल्या गव्हर्नरनं चक्क सन्मानानं परत पाठवला. पुढे १८०८ मधे तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं, तर लॅम्ब्टन पठ्ठ्या काही आठवडे तंबूत बसून वाकलेलं पितळ स्वतःच्या हातानं सरळ करत होता. आणि वारला कुठे? आपल्या हिंगणघाटला, १८२३ मधे, नागपूरला जाता जाता. हिंगणघाट म्हटलं की मला कापूस सोडून काही सुचायचं नाही, आता थडगं शोधायला एकदा जायचं आहे. एव्हरेस्टची उंची गणितानं काढणारे राधानाथ सिकदर यातच भेटतात, पण त्यांना अजून पानं हवी होती असं माझं मत.

आता पुढचं पुस्तक कसं निवडतो ते. 'वाचलीच पाहिजेत अशी दहा' टाइप याद्या मी बघणं सोडलंय, सगळीकडे तीच तीच पुस्तकं फिरत असतात. त्यापेक्षा हातातल्या पुस्तकाची शेवटची पानं, संदर्भसूची, टीपा. लेखकानं कुठून घेतलं ते कळतं आणि कुठे वाद आहे तेही. पॉडकास्टमधे हेच काम बीबीसीचं 'इन अवर टाइम' करतं. १९९८ पासूनचे भाग पडलेत, एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास, ना म्युझिक ना 'तुमचा प्रवास कसा सुरू झाला'. अलीकडच्या भागांबरोबर वाचनयादीही देतात. त्यांचा रेखांशावरचा भाग ऐकला आणि तिथून डाव्हा सोबेलच्या 'लाँगिट्यूड'वर गेलो.

हे पुस्तक छोटं आहे, दोन बैठकांत होतं. १७०७ मधे इंग्लंडच्या सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकावर आपटून बुडाली, मग १७१४ मधे पार्लमेंटनं समुद्रात रेखांश काढायची पद्धत देणाऱ्याला २०,००० पाउंडांचं बक्षीस लावलं. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ चंद्रताऱ्यांत उत्तर शोधत होते आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराचा पोरगा, स्वतःही सुतारच, घड्याळ घेऊन आला: निघालेल्या बंदराची वेळ समुद्रातही अचूक कळली, की तिथल्या सूर्याच्या वेळेशी फरक काढून रेखांश मिळतो. त्याचं चौथं घड्याळ, एच फोर, तळहातावर मावणारं, १७६१ मधे जमैकाला निघालं आणि तिथे पोचेपर्यंत फरक पडला जेमतेम पाच सेकंदांचा. एवढं करूनही बक्षिसासाठी म्हाताऱ्याला किती झुलवलं ते वाचताना डोकं फिरतं. फक्त सोबेलनं चंद्रताऱ्यांच्या बाजूच्या खगोलशास्त्रज्ञ मास्केलाइनला सरळ खलनायक करून टाकलंय, ते पॉडकास्ट आधी ऐकलेलं असलं की जरा जपून वाचलं जातं, म्हणून माझा सल्ला, आधी ऐका मग वाचा.

यातलं गणित मुंबईला लावून बघितलं आणि जाम मजा आली. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मुंबई साधारण ७२.८ पूर्व. गुणिले चार म्हणजे २९१ मिनिटं, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. हाच तो जुना 'बाँबे टाइम'! १९०६ मधे साडेपाच तासांचा इंडियन स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ पार १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. उगाच हट्ट नव्हता तो, सूर्य खरंच तेवढा उशिरा डोक्यावर येतो.

डॉक्युमेंटरीत या वेळी एकच, पण काय आहे! 'पॉवर्स ऑफ टेन', १९७७, चार्ल्स आणि रे ईम्स हे डिझायनर जोडपं, जेमतेम नऊ मिनिटं. शिकागोतल्या बागेत पिकनिकला आलेलं जोडपं, कॅमेरा वर, दर दहा सेकंदांनी अंतर दहापट, आकाशगंगांच्याही पलीकडे, मग तसाच खाली येत माणसाच्या हातात शिरून थेट प्रोटॉनपर्यंत. पोरांना दाखवली तर परत लाव परत लाव चालू. याच दोघांनी १९५८ मधे भारत सरकारसाठी रिपोर्ट लिहिला होता ज्यातून पुढे अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे डिझाइनची राष्ट्रीय संस्था, उभं राहिलं, आणि त्यात साध्या लोट्याचं काय कौतुक केलंय, मिळवून वाचाच. बाकी एका ओटीटीवरची सहा भागांची सिरीज दुसऱ्या भागात सोडली, नुसते ड्रोन शॉट आणि ढॅणढॅण म्युझिक.

मग मार्क लेव्हिन्सनचं 'द बॉक्स', कंटेनरचा इतिहास. १९५६ च्या एप्रिलमधे मॅल्कम मॅकलीन या ट्रकवाल्या उद्योजकाचं जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं. सुट्टा माल चढवायला टनाला ५.८३ डॉलर पडायचे तिथे हिशोब निघाला १६ सेंटच्याही आत. मधले युनियन आणि मापांच्या कमिट्यांचे चाप्टर मला आवडले, पण बऱ्याच जणांना कंटाळा येईल, ते चाळा. याचा साइड इफेक्ट असा की न्हावा शेवाच्या रस्त्यावर ट्रेलरमागे अडकलो की आता चिडचिड होत नाही, मी कंटेनरचं दार वाचत बसतो. चार अक्षरं, त्यातलं शेवटचं बहुतेक यू, मग सहा आकडे, आणि चौकटीत एकटा सातवा आकडा, तो आधीच्या सगळ्यांवरून हिशोबानं काढलेला असतो, म्हणजे नंबर टाइप करताना चुकला तर लगेच पकडला जातो. खाली रिकाम्या डब्याचं वजन, कमाल वजन. बायको म्हणते गाडी चालव.

सध्या हातात त्रिं. ना. आत्र्यांचं 'गावगाडा' आहे, १९१५ चं. भाषा जड, पाचसहा पानांवर दम लागतो, पण बलुतेदारांचा वाटा, हक्क, खळ्यावरची वाटणी हे सगळं त्यात असं येतं की मोजमापाच्या धाग्यात ते आपोआप बसतं. कोणाला किती द्यायचं हे तिथे तराजूवर ठरत नाही, मानपानावर ठरतं. १९५६ मधेच आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला, त्याआधीचे शेर, पायली, मण गावागणिक कसे बदलायचे यावर मराठीत कोणी नीट लिहिलंय का? आणि भूमापनावर, गुंठे-आणेवारीवर एखादं वाचनीय पुस्तक असेल तर तेही सांगा, तलाठी परीक्षेची गाइडं सोडून.