विजेचा गिझर आहे, मला माहीत आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही म्हणजे दरवर्षी येणारे, दोनदा-तीनदा येऊन गेलेले, आणि आता माझी सूनसुद्धा. प्रश्न एकच. "काका, माणूस अंघोळीला गेला की दहा मिनिटांत दारावर टकटक कशाला करता?" काही हसून विचारतात, काही चिडून. एकानं तर आतूनच ओरडून सांगितलं होतं, "जिवंत आहे हो!" त्याचा राग नाही आला मला. तेवढंच ऐकायचं असतं.

आजवर मी उडवाउडवी केली. टाकीतलं पाणी संपत आलंय, पुढचा माणूस खोळंबलाय, असं काहीबाही. त्यातलं एकही खरं नाही.

आधी एक सांगतो. मला डोकावायची सवय नाही. एकतीस वर्षं हे काम करतोय, आणि या कामात अर्धं कौशल्य न दिसण्याचं असतं. खोली लावून निघावं, पण इथे कुणी येऊन गेलं असं पाहुण्याला वाटू नये. हाताखालच्या पोरांना मीच शिकवलंय की दार एकदा वाजवायचं, मनात दहा अंक मोजायचे, ओ आली नाही तर मुकाट परत फिरायचं. म्हणजे माझाच नियम मी रोज सकाळी मोडतो. माझा दुसराही एक नियम होता. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, 'बघतो' म्हणायचं. पहिल्या नियमापेक्षा या दुसऱ्याचा मला जास्त अभिमान होता.

आमची न्हाणीघरं खोल्यांच्या बाहेर, मागच्या पडवीत आहेत हे तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा तिथे गॅसचे गिझर होते. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आपोआप पेटणारे, दोन मोठे सेल घातलेले. थंडीचे दिवस होते. एक नवरा-बायको चार दिवसांसाठी आले होते. दुसऱ्या संध्याकाळी ताई म्हणाल्या, "काका, न्हाणीघराच्या खिडकीतून फार वारं येतं हो." खिडकी वर, गिझरच्या बाजूला, काचेच्या पट्ट्यांची. पट्ट्या अर्धवट उघड्या राहून गंजलेल्या, मिटत नव्हत्या. मी म्हटलं, "बघतो." टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापला आणि चिकटपट्टीनं चारही बाजूंनी नीट बसवला. फट राहू दिली नाही. माझं काम म्हणजे काम. हवा बाहेर फेकणारा पंखा महिनाभर बंद होता. मालकांना सांगितलं होतं, तोंडी.

ताई पुठ्ठा बघून म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुणी बघत नाही, काका."

सकाळी आधी साहेबांनी अंघोळ केली. बाहेर येऊन म्हणाले, डोकं जरा जड झालंय. मी म्हटलं, थंडीनं होतं तसं. मग ताई आत गेल्या. मी पडवीतच चादरींच्या घड्या घालत होतो. पाणी पडल्याचा आवाज येत होता, येतच राहिला, आणि मला बरं वाटत होतं. खरंच सांगतो. आज वारं नाही, बाई निवांत अंघोळ करतेय, असंच मनात होतं. साहेब शोधत आले तेव्हा वीस मिनिटं तरी झाली असतील.

हाका मारल्या, ओ नाही. आतून कडी. तिसऱ्या लाथेला दार उघडलं. आत सगळी वाफ. गॅसचा वास अजिबात नाही, हे मला पक्कं आठवतं, कारण मी आधी वासच घेतला होता. गिझरची ज्योत निळी असते, ती पिवळट जळत होती. साहेबांनी टॉवेल टाकला, मी तोंड फिरवून उभा राहिलो, पण त्यांना एकट्याला उचलता येईना, म्हणून परत फिरलो. गिझर बंद करून ताईंना उघड्यावर आणलं. श्वास चालू होता. त्यांना उलटी झाली. माझी बायको त्यांचं डोकं धरून बसली, साहेब गाडी आणायला धावले.

त्या दोन मिनिटांत मी न्हाणीघरात गेलो, पुठ्ठा उपटला, चार घड्या केल्या आणि धुवायच्या चादरींच्या खाली सारला.

हवा खेळावी म्हणून काढला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण माणूस बाहेर आणल्यावर न्हाणीघराला हवा कशाला? आणि हवेसाठी काढलेला पुठ्ठा कुणी चादरींखाली ठेवत नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी बोटाला क्लिप लावली, आकडा आला 98. "ऑक्सिजन उत्तम आहे, भोवळ आली असेल," म्हणाले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात थोरले डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गिझर गॅसचा का?" हो म्हटल्याबरोबर मास्क लावायला सांगितलं. त्या क्लिपला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखता येत नाही, हे मला नंतर कळलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरून बसतो, आणि क्लिपला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तोही मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळताना हवा कमी पडली की हा जो विषारी वायू होतो, त्याला वासच नसतो. म्हणजे मी न्हाणीघरात जे हुंगत होतो, ते तिथे असूनही मला कळणार नव्हतं.

थोरल्या डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "खिडकी उघडी होती ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनी त्याच न्हाणीघरात अंघोळ केली होती. वर नजर गेली होती की नाही, देव जाणे. मी म्हटलं, "हो."

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. तो गडी वकिलासारखा बोलतो. गिझर न्हाणीघराच्या आत बसवला कुणी? मी नाही. पंखा कुणाचा? मालकांचा. ताईंनीच सांगितलं होतं ना वारं येतं म्हणून? आणि ऑक्सिजन तर लावलाच की, खिडकीच्या उत्तरानं काय फरक पडला असता? यातलं शेवटचं मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन देऊन त्यांना सोडलं. खिडकी बंद होती हे कळलं असतं तर कदाचित मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं, कदाचित नसतं. आमच्याकडे उतरलेल्या एका डॉक्टरांना मी हे दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं."

महिन्याभरानं साहेबांचा फोन आला, आभार मानायला. तुम्ही दार फोडलंत म्हणून ती वाचली, म्हणाले. मग सहज बोलून गेले की हल्ली ती फार विसरते, नळ उघडा ठेवते, बोलता बोलता अडते. आणि ती सहल तर तिला धड आठवतच नाही.

हे ऐकून मला काय वाटलं, ते लिहायला एवढी वर्षं गेली. मला हायसं वाटलं. पुठ्ठा आठवणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून. फोन ठेवल्यावर मी चक्क चहा घेतला.

या विषबाधेचा परिणाम कधीकधी काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही दिसू लागतो, बरा वाटणारा माणूस पुन्हा ढासळतो, हे मी फार पुढे वाचलं. फोनवर मी म्हणायला हवं होतं की डॉक्टरांना पुन्हा दाखवा, खिडकी बंद होती असं सांगा. मी म्हटलं, "काळजी घ्या ताईंची." पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

गॅसचे गिझर मी मालकांच्या मागे लागून काढायला लावले. विजेचे बसवून दहा वर्षं होतील. खिडक्यांना आता पट्ट्याच नाहीत, नुसती जाळी आहे. वारं येतं म्हणून तुम्ही तक्रार करता आणि मी सरळ 'नाही' म्हणतो. तुसडा झालाय म्हातारा, असं तुम्ही आपसात म्हणता, ते मला ऐकू येतं. विजेच्या गिझरातून तसला वायू येत नाही, मग टकटक कशाला, हा तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पाणी बराच वेळ वाजत राहिलं की हातातली चादर घडी घातली जात नाही, एवढंच.

मागच्या आठवड्यात सुनेला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. तिनं पुठ्ठ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?" आहे. जुन्या रजिस्टरमध्ये, माझ्याच अक्षरात. "मग करा ना फोन, बाबा."

मी म्हटलं, "बघतो."