सियावुमा

माझ्या पहिल्या प्रबंधात एक शब्द जवळपास कुठेच सापडणार नाही. ‘सियावुमा’. झुलू भाषेत त्याचा अर्थ ‘आम्हाला मान्य आहे’.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमध्ये आजारी माणूस घरच्यांना घेऊन सांगोमाकडे, म्हणजे पूर्वजांच्या मदतीने कौल बघणाऱ्या जाणकाराकडे जातो, तेव्हा अनेकदा आपल्याला काय होतंय ते तो सांगत नाही. सांगोमा इम्पेफो ही सुगंधी वनस्पती पेटवते, अमाडलोझींना, म्हणजे पूर्वजांना हाक घालते आणि तीच बोलायला लागते. प्रत्येक वाक्यावर आलेले सगळे सियावुमा म्हणतात. दुखणं पोटात आहे. सियावुमा. घरात भांडण झालंय. सियावुमा. काही जणी हाडं टाकून बघतात, तिथेही हा शब्द येतोच. ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना मी तो गाळत गेले. मला तो निव्वळ हुंकार वाटला होता.

ज्या गोगोंकडे मी बसत असे (गोगो म्हणजे आजी, सांगोमाला मानाने तसंच म्हणतात), त्यांना एकदा मी माझा मजकूर वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “यातली माणसं कुठे गेली?” मग त्यांनी समजावलं. “सियावुमा पुटपुटल्यासारखं आलं तर मी चुकतेय, वाट बदलायची. सगळे एका आवाजात ओरडले तर तिथेच खोल जायचं. दुखण्याचं निदान मी एकटी करत नाही, आम्ही सगळे मिळून करतो.”

त्यानंतर मी मिशनरी हेन्री कॅलवे यांचं झुलू श्रद्धांवरचं १८६८ ते १८७० या काळातलं पुस्तक पुन्हा काढलं. एका बाजूला झुलू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यातली बरीचशी निवेदनं त्यांचे स्थानिक सहकारी म्पेंगुला म्बांडा यांची आहेत, पण कपाटात पुस्तक लागतं ते कॅलवेंच्या नावाने. त्यात प्रश्न घेऊन आलेले लोक काठ्यांनी जमीन बडवतात. ‘उकुभुला’, कौल बघणं, या शब्दातच बडवणं आहे. दीडशे वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट मी प्रबंधासाठी दोनदा वाचली होती आणि मला ती दिसली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठीत सांगोमाला काय म्हणावं, हे विचारणाऱ्यांना मी ‘मांत्रिक’ लिहू देत नाही. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या इन्यांगाला ‘वैद्य’ चालेल. सांगोमा मात्र सांगोमाच राहू दे. पूर्वजांनी बोलावल्यावर उकुथ्वासाची खडतर दीक्षा घेतलेल्या माणसाला आपला तयार शब्द चिकटवला की त्या शब्दामागचा संशयही चिकटतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९५७ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पैसे घेऊन भविष्य सांगण्याचा दावा करणं गुन्हा होता. २००७ च्या कायद्याने कौल बघणाऱ्यांना पारंपरिक आरोग्यसेवक म्हणून व्याख्येत घेतलं. दोन्ही कायदे एकाच माणसाबद्दल बोलतात.

विद्यार्थ्यांना मी आधी डर्बनच्या वॉरिक जंक्शनला नेते. अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर औषधी मुळ्या-सालींचा बाजार भरतो. इसिभाहा या झाडाची साल चाखायला लावते. मिरीसारखी झोंबते, खोकल्यावर देतात. ती इतकी सोलली गेली की रानात झाड सापडणं अवघड झालंय. विकणाऱ्या बायकांना हे आमच्या अहवालांच्या आधी कळलं होतं, कारण ओझं घेऊन चालायचं अंतर वाढत गेलं होतं. मग वर्गात मी वांदे अबिंबोलांबद्दल सांगते. नायजेरियातल्या योरुबांच्या इफा या कौल बघण्याच्या परंपरेतले बाबालावो, म्हणजे कौल बघणारे पुजारी, तिच्या २५६ ओडूंचे (पद्यसंग्रहांचे) जाणकार आणि एकेकाळी इफे विद्यापीठाचे कुलगुरूही. जाणकार आणि अभ्यासक ही दोन वेगळी माणसं असतात, असं धरून चालायची सवय तिथे मोडते.

गोगो आता नाहीत. त्यांच्या हाताखाली उकुथ्वासाची दीक्षा घेतलेल्या मुलीकडे मागच्या हिवाळ्यात मी स्वतःच्या दुखण्यासाठी गेले. पहिल्यांदाच जवळ रेकॉर्डर नव्हता. ती म्हणाली, तुझ्या घरात कुणाचं तरी बोलायचं राहून गेलंय. मी सियावुमा म्हणाले, हळूच. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिशेने वळली.