आत्याचा मेसेज

रविवार, रात्र. दांडिया बाजार, बडोदा.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड करणारी मेंदूची घडण. ती असलेला माणूस काम टाळतो तेव्हा तो नेमकं काय टाळत असतो, हेच आज डोक्यात घोळतंय.

समजा, सोमवारी आत्याचा मेसेज आला: ‘केळवणाला किती जण येताय ते कळव रे.’ उत्तर दोन शब्दांचं. हातात दुसरं काम होतं, म्हणून राहिलं. मंगळवारी आठवण झाली ती ‘अजून कळवलं नाही’ या टोचणीसकट. बुधवारी उत्तरात माफी घालणं भाग झालं, शुक्रवारी कारणही. शनिवारी तर आत्याचं नाव दिसताच अंगठा आपोआप पुढे सरकला. काम होतं तेवढंच राहिलं. त्यावर लाज मात्र रोज चढत गेली.

बडोद्याच्या मराठी घरांत अशा माणसाला मराठीत आळशी म्हणतात, गुजरातीत आळसु. दोन्ही भाषांत निदान एकच, आणि चुकलेलं. आळशी माणूस निदान मजेत लोळतो तरी!

मेंदूत भावनेची ठिणगी पेटवण्यात अमिग्डाला या खोलवरच्या छोट्या भागाचा मोठा वाटा. ‘अरे, केळवण आहे, कोर्टाचं समन्स नाही’ असं समजावणारा भाग कपाळामागे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये. एडीएचडीत या दोघांचा ताळमेळ अनेकदा कच्चा असतो, समजावणारा आवाज उशिरा पोचतो. 2007 साली अमेरिकेत मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी कमाल पातळीला पोचायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा निघालं. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागांत. (ही गटाची गोष्ट. एका मुलाचा स्कॅन काढून एडीएचडी ठरवता येत नाही.) दहा वर्षांच्या पोराला ‘एवढ्यातेवढ्यावरून काय रडतोस’ म्हणताना हे आकडे आठवावेत.

दुसरी गाठ डोपामिनची, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची. लांबचं बक्षीस या मेंदूला फिकं वाटतं, हाताशी असलेलं ठसठशीत. मेसेज टाळला की त्याच क्षणी हायसं वाटतं. तेच बक्षीस! म्हणून मेंदू शिकतो काय, तर टाळणं. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं मोजतात ती 18: नऊ लक्ष न लागण्याची, नऊ चंचलपणाची आणि उतावळेपणाची. भावना आवरत नाहीत हे त्या अठरांत नाही, जोडीला दिसणारी बाब म्हणून येतं. मला हे खटकतं, कारण घरात भांडणं होतात ती यावरूनच. औषधांनी लक्ष जेवढं सुधारतं तेवढ्या भावना आवरतीलच असं नाही. हे डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं.

मग करायचं काय? आधी भीतीला नाव: ‘मेसेज अवघड नाही, आत्या रागावेल याची धास्ती आहे.’ मग उत्तर चॅट न उघडता नोट्समध्ये लिहायचं, म्हणजे तिचे जुने मेसेज डोळ्यांसमोर येत नाहीत. पाच मिनिटांचा टायमर. शेजारी कुणी आपलं काम करत बसलं तर उत्तम. त्याने सल्ला द्यायचा नाही, नुसतं असायचं.

बिघडतं ते पुढे. एक मेसेज गेला की हुरूप येतो, ‘आता सगळेच संपवू’ म्हणत माणूस चाळीस मिनिटं बसतो, दमतो, आणि मेंदू तो शीण लक्षात ठेवतो. म्हणून एकावर थांबायचं, हुरूप असतानाच. आणखी एक: शांतपणी ठरवलेली युक्ती धास्तीच्या क्षणी आठवत नाही. ती चिठ्ठीवर हवी, तीही डायरीत नको, चार्जरशेजारी भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. तीन शब्दांहून जास्त लिहिलं तर कुणी वाचत नाही: ‘आकडा लिही. पाठव.’

आत्याला एवढंच जावं: ‘चौघे येतोय. कळवायला उशीर झाला, सॉरी आत्या.’ कारण लिहायचं नाही. कारण लिहायला घेतलं की ते खरं वाटेल का, या विचारात मसुदा पुढच्या शनिवारपर्यंत नोट्समध्येच पडून राहतो.