रेझिस्टर नेमका कुठे लावायचा: अलार्म जोडायला शिकतानाचा माझा अनुभव

सोल्डरिंग येत होतं, मल्टिमीटर वापरायची सवय होती, त्यामुळे चोरअलार्म जोडणं फार जड जाणार नाही असं वाटलं होतं. सुरुवात दाराच्या सेन्सरपासून झाली. रीड स्विच म्हणजे बारीक काचेची नळी आणि आत लोखंड-निकेल मिश्रधातूच्या दोन पात्या. लोहचुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात. पहिल्याच स्विचची तार वाकवताना काच तडकली. पुढच्या वेळी काचेलगतची तार पक्कडीत धरली आणि पक्कडीबाहेरचा भाग वाकवला. मग एकही फुटला नाही.

दार बंद असताना सर्किट पूर्ण आणि उघडलं की तुटतं, ही उलटी रीत पचायला वेळ लागला. पण त्यामुळेच कुणी वायर कापली तरी अलार्म वाजतो.

खरा धडा मिळाला तो रेझिस्टरपाशी, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा करणाऱ्या छोट्या भागापाशी. त्यावरचे रंगीत पट्टे हिरवा, निळा, लाल, सोनेरी, म्हणजे ५.६ किलोओहम. तो लाइनच्या शेवटी, सेन्सरपाशी लावायचा असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी तो पॅनेलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीच्या, टर्मिनललाच बसवला, कारण हात तिथे सहज पोचत होता. दार उघडलं, सायरन वाजला, मी खूश.

मला शिकवणाऱ्या सरांनी काही न बोलता वायर मध्येच सोलली, दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या आणि म्हणाले, "आता उघड दार." दार सताड उघडलं, तरी सायरन गप्प! पॅनेलला आपला रेझिस्टर दिसत होता, पलीकडे काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. घराची राखण करणाऱ्या वस्तूत अशी चूक राहिली असती तर, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रेझिस्टर सेन्सरपाशी नेला. वायर पॅनेलपासून सोडवून मीटर लावला: दार बंद असताना ५.५८ किलोओहम, उघडल्यावर ओपन (सर्किट तुटलेलं), तारा टेकवल्यावर जवळजवळ शून्य. या तीन अवस्था पॅनेलला वेगवेगळ्या ओळखता येतात. वायर परत जोडून सिस्टिम आर्म (पहाऱ्यासाठी चालू) केली आणि तारा पुन्हा टेकवल्या, तर दाराला हात लागायच्या आतच सायरन सुरू.

पीआयआर सेन्सर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर, त्या मानाने लवकर जमला. वीज दिल्यावर त्याला स्थिरावायला थोडा वेळ द्यायचा, खिडकीच्या उन्हासमोर तो लावायचा नाही, आणि माणूस त्याच्याकडे चालत येण्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडायची. हे वॉक टेस्ट, म्हणजे सेन्सरसमोर प्रत्यक्ष चालून चाचणी, करतानाच नीट उमगतं, वाचून नाही.

शेवटी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी जोडली. चार्ज होताना मीटरवर १३.७ दिसत होते. मेन स्विच बंद केला, सायरन वाजवला, आकडा १२.४ वर आला आणि तिथेच टिकला. आवाज जराही खाली आला नाही.