अटकेचे कारण आणि सहीचा कागद

सीमाभागातील मराठी माणसावर पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ केवळ गुन्ह्याच्या आरोपावरूनच येते असे नाही. कर्नाटकच्या स्थापनादिनी मराठी भाषिक पाळतात तो १ नोव्हेंबरचा काळा दिवस जवळ आला किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले, की खबरदारी म्हणून कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले जाते आणि घरची माणसे ठाण्याबाहेर ताटकळत राहतात. आपले हक्क कोणते, यापेक्षा साहेबांना कोण ओळखते याचीच चौकशी तेव्हा अधिक होते, हे मला खटकते.

राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा तपशील आला आहे.

आपल्याकडे खरा प्रश्न भाषेचा आहे. ठाण्यातील कागद कन्नडमध्ये असतात आणि मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना ते वाचता येत नाहीत. नात्यातील एका मुलाला अटक झाली तेव्हा मी त्याच्या वडिलांसोबत ठाण्यात होतो. अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी कागद पुढे आला. “नुसती सही करा, काका, बाकी काही नाही,” असे हवालदार म्हणाला. मुलाच्या वडिलांनी सहीच्या वर सावकाश मराठीत लिहिले, “मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचून दाखविलेला नाही,” आणि त्याखाली घड्याळात पाहून वेळ टाकली. हवालदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यानेच मग अख्खा कागद चांगल्या मराठीत वाचून दाखविला.

हा हट्ट कायद्याला धरूनच होता. स्थानबद्धतेची, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याची, कारणे संबंधित व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९६२ मध्येच सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि अटकेच्या क्षणी ते शक्य नसल्यास तेव्हा तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यासमोर नेण्यापूर्वी किमान दोन तास तरी ती लेखी हाती पडली पाहिजेत, असे स्पष्ट केले.

अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. मात्र पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कोणीही सही करू नये. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

मोर्च्यापूर्वी होणाऱ्या प्रतिबंधात्मक अटकेत संहितेच्या कलम १७० खाली, दुसऱ्या एखाद्या तरतुदीचा आधार नसेल तर, २४ तासांपेक्षा अधिक काळ डांबून ठेवता येत नाही. म्हणून माणसाला घरातून नेले ती वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवावी. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.